पिशवीवरचं मीठ

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, नाहीतर पुढे मलाच हसू आवरणार नाही: माझ्या घरमालकांनी माझी कुंडी चाटली होती. खरोखर चाटली. उकिडवे बसले, कापडी कुंडीच्या बाजूला तोंड नेलं, जीभ लावली, डोळे मिटले आणि भाजीची चव बघावी तसे दोन सेकंद थांबले. मी मागे उभी, हातात कडुलिंबाच्या तेलाची बाटली. मला वाटलं संपलं, आता हे मला खोली सोडायला सांगणार.

तसं काही झालं नाही. झालं ते भलतंच, आणि त्यात एक लिंबाचं झाड होतं. ते जगतंय की मरतंय या काळजीत मी सहा महिने काढले. झाड त्यांचं, काळजी फुकटची माझी. तेच सांगायचंय, पण काका, म्हणजे ते घरमालक, कसे होते ते कळल्याशिवाय त्यात काही मजा नाही.

मी तेव्हा मांडव्याला बोटीच्या तिकीट खिडकीत कामाला होते. माझं घर नेरुळला, रोज जाऊन येणं जमणारं नव्हतं, म्हणून जेट्टीपासून आत, रेवसच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात खोली घेतली. खोली छोटी, पण मागे अंगण! नेरुळला आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन कुंड्या मावतात, त्यातली एक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला टेकलेली. त्यामुळे अंगण बघितल्या बघितल्या मी येडीच झाले. 'अंकल, मी इथे झाडं लावू?' म्हटलं, तर त्यांनी मागे वळून बघितलं, कोण अंकल आलाय ते. मग मी 'काका' म्हणायला लागले आणि त्यांच्या बायकोला 'काकू'.

काका म्हणाले, "लाव. पन कशान लावशील?"

मी मोबाइल काढला आणि त्यांना कापडी कुंड्या दाखवल्या. त्या काळ्या, जाड, नमद्यासारख्या कापडाच्या असतात ना, दोन बाजूंना कान असलेल्या, त्या. मी रात्रंदिवस त्यांचेच व्हिडिओ बघत होते तेव्हा. मुळांना हवा मिळते, जास्तीचं पाणी थांबत नाही, मुळं कडेला पोचली की टोकं सुकतात आणि आतून नवीन फुटतात, प्लास्टिकसारखी गोल गोल फिरत बसत नाहीत. हे सगळं मी एका दमात बोलले. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे कापराची पिशवी?"

"पिशवी नाही काका, फॅब्रिक…"

"कापरच ना? कापर पानी पितं. आमच्या इकरं पानी पितं म्हंजे मीठ पितं. नको."

आणि मग त्यांनी मला त्यांचं अंगण दाखवलं. सगळं प्लास्टिक! रंगाचे डबे, तेलाचे कॅन, कान तुटलेल्या बादल्या, वॉशिंग मशीनचा आतला डबा, आणि एका उलट्या टांगलेल्या हेल्मेटमध्ये मिरची. मिरची लागलेलीसुद्धा होती. तुळससुद्धा रंगाच्या डब्यात, वर कंपनीचं नाव अर्धं पुसलेलं. काकू रोज तिथे दिवा लावताना हमखास ऐकवायच्या, "सगल्या गावाच्या तुलशी वृंदावनान, माझी डिस्टेंपरान." काका ढिम्म. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते दिवसातून चारदा तरी यायचं: "प्लास्टिक इमानदार. आतलं आत, भायेरचं भायेर."

शेवटी तोडगा निघाला. कापडी कुंड्या ठेवायच्या, पण विटांवर. एकही जमिनीला टेकता कामा नये. "जमिनीला लागली का मीठ वर चरतं," ते म्हणाले. "मी बघितलाय."

त्यांचं हे मिठाचं काय होतं ते हळूहळू कळलं. तरुणपणी काका मिठागरात होते. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात सुकवायचं, मीठ ओढायचं. पाय कायमचे फुटले त्यात. त्यांना जगात सगळ्याची चव घ्यायची सवय तिथे लागली असणार. मातीची चव, विहिरीच्या पाण्याची चव, नवीन आणलेल्या विटेचीसुद्धा. माझ्या खोलीला नवीन रंग दिला तेव्हा त्यांनी भिंतीला बोट लावून तोंडात घातलं आणि "सुकला" असं जाहीर केलं. आणि एवढं मीठ काढलेला माणूस जेवणात मीठ खायचा नाही! काकू अख्ख्या घराचं अळणी रांधायच्या आणि स्वतःच्या ताटात डावीकडे ढीग घ्यायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे कोळंबीचं कालवण जेवले तेव्हा माझा चेहरा बघून काकूंनी गुपचूप मिठाची वाटी सरकवली. काका म्हणाले, "खा तू. माझा खाऊन झालाय. सात जन्माचा."

घड्याळ ते वापरायचे नाहीत. "संध्याकाळी ये" असं कधी म्हणाले नाहीत, "भरती लागली का ये" म्हणायचे. मला आमच्या जेट्टीवरचा भरती-ओहोटीचा फळा वाचून यावं लागायचं. मी आले की विचारायचे, "काय लिवलाय तुमच्या बोर्डावर?" मी सांगितलं की अंगणातूनच खाडीकडे तोंड करून जरा वास घ्यायचे आणि म्हणायचे, "चुकलाय." दर वेळी. फळा दर वेळी बरोबर असायचा, तरी.

आणि लिंबू.

लिंबू माझ्या खिडकीसमोरच होतं. निळ्या पिंपात. मोठं, माझ्या खांद्याच्या वर, बुंधा मनगटाएवढा. काकांच्या सगळ्या झाडांत याचा मान वेगळा, कारण हे झाड त्यांच्या शेतातलं. खाडीला लागून त्यांची भातजमीन होती, समुद्र बाहेर ठेवायला मातीचा बांध, आणि त्या बांधाला दर वर्षी गावातली माणसं मिळून चिखल लावायची. मग माणसं ट्रकवर गेली, कंपनीत गेली, मुंबईला गेली, आणि चिखल लावायला काका आणि अजून तिघं म्हातारे उरले. एका मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. भात गेलं ते गेलंच, पुढेही काही उगवेना. शेताच्या उंचवट्यावर एक लिंबाचं झाड होतं, त्यांच्या वडिलांच्या हातचं कलम. काकांनी ते मातीच्या गड्ड्यासकट खणून खांद्यावरून आणलं आणि पिंपात लावलं. शेतातलं एवढंच उरलं. हे मला काकूंनी सांगितलं, काका याबद्दल बोलायचे नाहीत.

तर त्या लिंबाला तीन वर्षं लिंबू नव्हतं. पानांची टोकं करपलेली, कडा तपकिरी, जशी कोणी एकेक पान मेणबत्तीवर धरलं असेल. रोज सकाळी काका पिंपाभोवती पडलेली पानं वेचायचे आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. मी ब्रश करत खिडकीत, ते खाली.

"किती पडली आज?"

"चार."

एखाद्या दिवशी नुसतं "एक" म्हणाले की माझा दिवस छान जायचा, खोटं नाही सांगत! आणि ज्या दिवशी नुसता फुगलेला खिसा दाखवला तेव्हा मी तिकीट खिडकीत बसून तिकिटं चुकीची फाडली आहेत.

मी शंभर वेळा म्हटलं, काका, पिंपातून काढून बघू या ना, मुळं अडकली असतील. ते एकच म्हणायचे, "हात लावू नको. त्याची समुद्राशी गाठ परलेली हाय. मी त्याला सांभालून ठेवलाय." आणि सांभाळून म्हणजे कसं! पिंपाला तळाला भोकच नव्हतं. मुद्दाम नाही पाडलेलं. खालून जमिनीचं मीठ वर चढू नये म्हणून. फक्त बाजूला चार बोटं वर एक बारीक भोक, पाणी अगदीच तुंबू नये एवढ्यापुरतं, तेही बुजत आलेलं. आणि पावसाळ्यात पिंप भरतं म्हणून लिंबू पडवीत आत ओढून ठेवायचे, चार महिने. उन्हाळ्यात बाहेर, विहिरीच्या पाण्यावर. एवढी काळजी कोणी माणसाचीसुद्धा घेत नाही.

इकडे माझ्या पिशव्या. हो, शेवटी मीही पिशव्याच म्हणायला लागले. टोमॅटो, मिरची, मोगरा, कढीपत्ता, सगळं मिळून अठरा. आणि खरं सांगू? काका काही अगदी चुकीचे नव्हते. व्हिडिओवाल्यांनी मला समुद्राच्या वाऱ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीपासून पिशव्या अशा सुकायच्या की सकाळी पाणी घालून मी जेट्टीवर जायचे आणि दुपारी टोमॅटो माना टाकून उभे. दोन दिवस नेरुळला जायचं म्हणजे मला धास्तीच. काकांच्या बादल्यांत मात्र ओल तशीच. एकदा मी रविवारी परत आले तर सगळ्या पिशव्या ओल्या, आणि काका हेल्मेटातल्या मिरचीशी उगाच काहीतरी करतायत.

"काका, तुम्ही पाणी घातलंत?"

"मी कशाला घालू? पिशवी हाय का चालन? वतलं का गललं."

काकू आतून, "दिवसातून तीनदा वतत होते. पोरीची झारां, पोरीची झारां."

मग चैत्र आला आणि पिशव्या पांढऱ्या झाल्या.

काळ्या कापडावर पांढरी पावडर! आधी वरच्या कडेला, मग बाजूंना, नकाशे काढल्यासारखी. मी मोबाइलवर फोटो टाकून विचारलं तर सगळे म्हणाले बुरशी, ताबडतोब फवारा. माझा धीर सुटला, कारण मला माहीत होतं मी काय केलंय. काका आठवडाभर उरणला मुलीकडे गेले होते, आणि त्या आठवड्यात मी पाच नवीन पिशव्या भरल्या होत्या, विटा संपलेल्या, म्हणून त्या पाच मी सरळ जमिनीवर ठेवल्या. फक्त पाच! म्हटलं काका यायच्या आत विटा आणू. आणल्या नाहीत. मला वाटलं, झालं, जमिनीतलं काहीतरी वर चढलं आणि बाकीच्यांना पण लागलं, काका म्हणाले होते तस्संच.

त्या रविवारी मी तेलाचं पाणी कालवत होते आणि काका फाटकातून आत आले. झोळी खांद्याला, मुलीने दिलेला डबा हातात. त्यांनी पांढरं बघितलं. डबा खाली ठेवला. आणि सगळ्यात आधी सांगितलं ते केलं, कुंडी चाटली.

"बुरशी नाय," ते म्हणाले. "मीठ हाय."

मी लगेच कबुली दिली. "काका सॉरी, पाच मी खाली ठेवल्या, विटा नव्हत्या, मी आणणारच होते, त्यांच्यामुळे सगळ्या…"

ते ऐकतच नव्हते. विटांवरच्या एका पिशवीपाशी गेले. ती पण पांढरी. दुसरी, तिसरी, सगळ्या. त्यांनी एका पिशवीखालची वीट चाटली. नाही अशी मान हलवली. मग मिरचीच्या पिशवीत मधोमध बोट घातलं, थेट दुसऱ्या पेरापर्यंत, आतली माती जिभेवर घेतली. थुंकले. चूळ भरली. परत घेतली.

"इतं नाय," ते म्हणाले. अगदी हळू.

"काय नाही?"

"मीठ. आत नाय. भायेर हाय, आत नाय."

मग ते विहिरीवर गेले, पोहऱ्यातलं पाणी तोंडात घेतलं. चैत्र-वैशाखात आमच्या तिकडे विहिरी मचूळ होतात, पाणी खारं नाही पण गोडही नाही, ते सगळ्यांनाच माहीत असतं, प्यायला नळाचंच घेतात. काकांना काही नवीन कळलं असं नव्हतं. पण ते पाणी तोंडात धरून उभेच राहिले. मला वाटतं त्या वेळी ते अंगणात नव्हतेच, मिठागरात होते. वाफा, ऊन, पाणी चढतंय, सुकतंय, आणि पाणी सुकतंय तिथेच मीठ बसतंय. कापड बाजूंनी ते विहिरीचं पाणी सुकवत होतं, म्हणून त्यातलं मीठ बाजूला येऊन बसत होतं. बाहेर. आणि वरून जास्तीचं पाणी घातलं की उरलेलं खालून वाहून जात होतं. चालन, चालन म्हणत त्यांनीच दिवसातून तीनदा वाहवलं होतं ते.

ते वळले आणि लिंबाकडे निघाले.

आता मला कळलं ते कुठे चाललेत आणि मला वाटलं त्यांना थांबवावं. पिंपात त्यांनी बोट घातलं. माती जिभेवर ठेवली. या वेळी थुंकले नाहीत. गिळली. काकू हात पुसत दारात आल्या होत्या.

"खालून येऊ नये म्हनून बूच मारला," काका म्हणाले. "वरून मीच घालत होतो. जायाला वाटच नाय ठेवली." मग पिंपावर हात ठेवला. "मीच कोंडलाय याला."

मी रडले थोडी. ते नाही.

तुम्हाला वाटेल लगेच झाड काढलं असेल. छे! आठ दिवस काका पिंपाच्या आसपासही फिरकले नाहीत. पानंसुद्धा काकू वेचत होत्या. नवव्या दिवशी माझ्या खिडकीखाली येऊन, खाडीकडे बघत, जणू भरतीबद्दल विचारतायत तसं म्हणाले, "तुझी ती कापराची, मोठी मिलते का?"

मी सगळ्यात मोठी मागवली. ती जेट्टीच्या पत्त्यावर आली आणि मी ती बोटीतून उतरलेल्या पाहुण्यांच्या बॅगांमधून वाट काढत, डोक्यावर घालून, धावत आणली. काकांनी ती आधी उन्हापुढे धरून बघितली. मग त्यात पाणी ओतलं आणि खुर्ची टाकून बसले. कापडाला बाहेरून घाम आला, थेंब धरले, खाली टपकले. "गलतं," ते म्हणाले. या वेळी तक्रार नव्हती.

पिंप करवतीच्या पात्याने उभं कापलं. पिंप बाजूला झालं आणि आत काय होतं! पिंपाच्या आकाराची मुळांची गुंडाळी. दोरखंडासारखी जाड मुळं भिंतीला लागून गोल, गोल, गोल, बाहेर जायला जागा शोधत स्वतःभोवतीच वेटोळी घातलेली. तळाचं सगळं काळं, कुजका वास. काकांनी कोयता घेतला आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा या माणसाने मला सल्ला विचारला.

"कापू?"

मला काय माहीत! मी व्हिडिओ बघितलेली मुलगी, माझी सगळ्यात जुनी मिरची पाच महिन्यांची. पण मी म्हटलं, "काळी तेवढी कापा. गोल फिरलेली पण."

कापली. मग धुवायचं पाणी. विहिरीचं चालणार नव्हतं, नळ आमच्याकडे एक दिवसाआड. काकूंनी घरातलं प्यायच्या पाण्याचं भरलेलं पिंप पुढे सरकवलं. आख्खं ओतलं आम्ही मुळांवर. त्या संध्याकाळी तिघांनी शेजारच्या घरातून तांब्याने पाणी आणून प्यायलं. लिंबू पिशवीत बसलं, पिशवी विटांवर बसली, आणि काकू म्हणाल्या, "आता माझ्या तुलशीला पन एक पिशवी शिवा."

आणि लिंबाची सगळी पानं पडली.

सगळी. चार दिवसांत. पाचव्या दिवशी खिडकीतून बघितलं तर नुसत्या काटेरी काड्या. मी 'किती पडली' विचारणं बंद केलं, पडायला उरलंच नव्हतं काही. काका खुर्ची टाकून शेजारी बसून असायचे. मी मनातल्या मनात बॅग भरली होती. जेट्टीवर माझ्या शेजारच्या खिडकीत बसणाऱ्या ताईला मी सांगूनही टाकलं होतं, ताई, तुझ्याकडे खोली आहे का कुठे, मी एका माणसाचं शेत मारलं. ती म्हणाली शेत कसं मारतात? मी म्हटलं, कापून आणि धुऊन.

तीन आठवडे! तीन आठवडे मी अंगण टाळून पुढच्याच दाराने जात-येत होते.

मग एका सकाळी मी तोंडात ब्रश घालून खिडकीत आले, सवयीने, आणि खालून आवाज आला.

"दोन."

मला वाटलं दोन काय? पडायला आहे काय? मी वाकून बघितलं. काकांचं बोट एका काडीवर होतं. काट्याच्या बगलेत, मुंगीच्या डोक्याएवढं हिरवं. आणि त्याच्या वर अजून एक.

मी ब्रशसकट ओरडले. फेस काकांच्या टोपीवर. त्यांनी टोपी काढून बघितली, आणि मला वाटलं आता हे पण चाखतात की काय, पण त्यांनी ती सरळ झटकली आणि परत घातली. त्या दिवशी जेट्टीवर मी प्रत्येक तिकिटासोबत 'हॅव अ नाइस ट्रिप' म्हटलं. ताईने मला पाणी पाजलं.

त्या दुपारी काकांनी सळई चुलीत तापवली आणि अंगणातल्या एकूण एक बादलीला, डब्याला, कॅनला तळाशी भोकं पाडली. जळक्या प्लास्टिकचा वास चार घरं सोडून गेला. मी म्हटलं, "मग सगळंच कापडात हलवू या ना!"

"कशाला? पुदिन्याला ओल लागते, त्याला बादलीच बरी. तुलशीला डबाच बरा."

"डिस्टेंपरचा," आतून काकू.

"कापर काय लय शहानं नाय," ते म्हणाले. "सुकतं, गलतं, दिवसभर पानी मागतं. पन कोंडत नाय." आणि पुढची बादली उलटी केली.

पावसाळ्यात लिंबू पडवीत घेतलं नाही. काका स्वतः पडवीत बसून त्याला भिजताना बघायचे, चेहरा असा, जसं पोर शाळेच्या सहलीला गेलंय. पिशवीच्या कडा धुऊन काळ्याभोर झाल्या. झाड भरलं. मी तिथे असेपर्यंत फूल आलं नव्हतं, मग माझी बदली ऑफिसात झाली आणि मी नेरुळला परत आले, ग्रिलमध्ये, पाइपाशेजारी. इथे आता दोन कुंड्या आहेत, एक कापडी आणि एक प्लास्टिकची, आणि कोणी विचारलं कुठली चांगली तर मी आधी विचारते, तुमच्याकडचं पाणी चाखलंय का कधी?

या चैत्रात काकूंचा फोन आला. "ये गो. भरती लागली का ये, असा सांगतायत हे." मी भरती बघितली, बोट पकडली, गेले.

अंगण तसंच. हेल्मेट तसंच. आणि लिंबू, काय सांगू, असं हिरवंगार आणि आत पिवळी पिवळी लिंबं, मी मोजायला लागले तर काकूंनी हातावर मारलं, दृष्ट लागते म्हणून. पिशवी मात्र उन्हाळ्याची परत पांढरी झालेली, बाजूंनी जाड थर, नकाशांवर नकाशे.

काकूंनी सरबत केलं. तीन पेले. काकूंच्या आणि माझ्या पेल्यात मीठ, काकांच्यात नाही, नेहमीसारखं. काकांनी पेला घेतला, एक घोट घेतला, थांबले. चव बघितली. मग उठले, लिंबापाशी गेले, अंगठ्याच्या नखाने पिशवीवरचं पांढरं जरासं खरवडलं आणि पेल्यात टाकलं.

"शी! अवो, त्यात खत असेल, शेण असेल!" काकू ओरडल्या.

काकांनी बोटाने ढवळलं. आख्खा पेला संपवला, तळापर्यंत. मिशी पुसली आणि पेला काकूंपुढे धरला.

"अजून दे," ते म्हणाले. "उद्यापास्नं कालवनात पन टाक. चिमूटभर."